कचेरीची किल्ली घरांत

रत्नागिरीकडील घरांत किल्लीची एक जुनी रीत आहे. घरचीं माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं म्हणजे दाराला कुलूप लागतें आणि किल्ली शेजारच्या काकूंच्या स्वाधीन होते. गणपतीला चाकरमानी परततो, तेव्हां ती त्याच्या हातीं पडते. या व्यवहारांत लेखी कांहींच नसतें; सारा भार ओळखीवर असतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनें मात्र किल्लीचा प्रवास उलटा केला. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे कित्येक तरुण मुंबई-पुण्याहून आपापल्या गांवीं आले आणि कचेरीची किल्ली कोंकणांतील माजघरांत येऊन राहिली. टाळेबंदी संपली, पण घरून काम करण्याची पद्धति अनेक ठिकाणीं टिकली. ही दुसरी किल्ली कशी सांभाळावी, हा प्रश्न त्यामुळें एका धंद्याचा न राहतां घरचाहि झाला आहे.

या किल्लीचें स्वरूप आधीं पाहिलें पाहिजे. लिहिणारा दूर असला तरी मूळ आज्ञावली कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर असते, आणि तेथवर जाण्यास पूर्वीं केवळ परवलीचा शब्द पुरे. तो वाटेंत कोणी ऐकला, कीं पहारेकऱ्याला मित्र आणि शत्रु सारखेच! १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांत असेंच घडलें. तेथील जाळ्यांतून जाणारे शब्द चोरले गेले. त्यावर तेथील संशोधक तातू यूलोनेन यांनीं ‘एसएसएच’ नांवाची पद्धति निर्माण केली. तिच्यांत सारें संभाषण गुप्त लिपींत चालतें, आणि ओळख पटविण्यासाठीं किल्ल्यांची जोडी वापरतां येते. उघड किल्ली कंपनीच्या संगणकावर ठेवितात. गुप्त किल्ली काम करणाऱ्याच्या यंत्राबाहेर जात नाहीं. मध्यवर्ती संगणक जणूं एक कोडें घालतो. गुप्त किल्लीवांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं, आणि उत्तर ऐकून किल्लीचा आकार कोणास कळत नाहीं.

परंतु कुलूप चांगलें, म्हणून घर सुरक्षित, असें नव्हे. मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील ‘कलोनियल पाइपलाइन’ कंपनीची इंधनवाहिनी कांहीं दिवस बंद पडली. चोर शिरले होते ते वापरांत नसलेल्या, पण रद्द न केलेल्या एका खात्यावाटे. त्या दाराला परवलीच्या शब्दापलीकडे दुसरा अडसर नव्हता. कंपनीनें सुमारें ४४ लाख डॉलर खंडणी भरली. लोकांचे परवलीचे शब्द सांभाळणें हाच जिचा धंदा, त्या ‘लास्टपास’ कंपनीवर २०२२ सालीं आलेलें संकट तर घरांतूनच आलें. महत्त्वाच्या किल्ल्या केवळ चार अभियंत्यांपाशीं होत्या. त्यांपैकीं एकाच्या घरच्या संगणकावरील माध्यम-प्रणालींत दोष होता. त्यावाटे चोर शिरले आणि त्यानें टंकलेला मुख्य शब्द त्यांनीं टिपून घेतला. येथें दुसरा अडसर होता. पण धन्यानें स्वतःच तो काढला, तेव्हां चोर पाठीशीं उभा होता.

यावरील उपाय कोंकणी घराला अपरिचित नाहीं. पाहुणा ओटीवर बसतो, सोयरा माजघरांत येतो, दागिन्यांची पेटी एकाच व्यक्तीच्या किल्लीनें उघडते. आणि ओटीवर बसविल्याबद्दल पाहुणा रुसत नाहीं. १९७५ सालीं साल्ट्झर व श्रोडर या शास्त्रज्ञांनीं संगणकासाठीं हेंच तत्त्व मांडलें: प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा. म्हणून किल्ली ज्याच्या त्याच्या नांवाची वेगळी असावी. ती नेमून दिलेल्या खोलीपुरतीच चालावी. माणूस नोकरी सोडतांच ती त्याच दिवशीं रद्द व्हावी. आणि कोण केव्हां आंत आला याची नोंद राहावी. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा नोंदी १८० दिवस जपणें आणि घुसखोरी ध्यानीं आल्यापासून ६ तासांत कळविणें बंधनकारक केलें आहे.

उरला घराचा वांटा. कचेरीच्या यंत्रावर मुलांचा खेळ नको, कीं रात्रीचा चित्रपट नको. त्यांसाठीं यंत्र वेगळें असावें. ‘आंत येऊं द्यावें काय?’ अशी विचारणा भ्रमणध्वनीवर अवेळीं वारंवार आली, तर कंटाळून ‘होय’ म्हणूं नये, कचेरीस कळवावें. एवढा कडक बंदोबस्त पाहून प्रामाणिक माणसाला वाईट वाटतें, आपल्यावर विश्वास नाहीं असें वाटतें. परंतु नोंद नसलेल्या घरांत चोरी झाली म्हणजे पहिला आळ किल्ली सांभाळणाऱ्या काकूंवरच येतो. त्यांची किल्ली कोणत्या दाराची आणि ती केव्हां लागली, हें लिहिलेलें असेल, तर त्यांना कोणापुढें शपथ घ्यावी लागत नाहीं.