उंची आपली, सीट कुणाच्या मापाची?

(जव्हार-मोखाड्यातील महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी आज मोटार चालवण्याविषयी बोलणार आहे. रेशन, रोजगार हमी, वनहक्काचे दावे, दारू, मारहाण एवढे सगळे समोर असताना हा विषय कुठून आला, असे काहीजणींना वाटेल. पण आपल्या दोन तालुक्यांत बाईचे बरेच प्रश्न शेवटी रस्त्यावर येऊन अडतात. २०२२ साली मोखाडा तालुक्यात बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागले आणि तिची जुळी बाळे वाचली नाहीत. तिथे रस्ताच नव्हता. जिथे रस्ता आहे तिथे गाडी हवी आणि गाडी चालवणारे माणूस हवे. पाड्यावर एखादी जीप असते. मालक पुरुष, चालवणाराही पुरुष. तो भाडे घेऊन नाशिकला गेलेला असला किंवा पिऊन पडलेला असला, तर बाई घरात कळा देत बसते. म्हणून आपल्यातल्या काहीजणी गाडी शिकू लागल्या आहेत, ही मला चैन वाटत नाही.

शिकायला गेल्यावर पहिले वाक्य काय ऐकू येते? "बाई, तुमचे पाय तरी पोचतात का?" माझी उंची चार फूट दहा इंच. मलाही हेच विचारले गेले, वर हसणेही ऐकले. आपण ओशाळतो, घरून उशी आणतो, सीट पुढे ओढतो आणि स्टिअरिंगला छाती लावून बसतो. पाय पोचले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. इथेच धोका सुरू होतो.

समोरून धडक बसली की शरीर पुढे फेकले जाते. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात जागाच नसेल तर पट्ट्याला शरीर थोपवायला वाव मिळत नाही. गुडघे डॅशबोर्डला लागलेले असतात, म्हणून पाय मोडतात. आता नव्या मोटारींत एअरबॅग असते. चालकासाठी ती १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. ही पिशवी पापणी लवायच्या आत फुगते. तिच्यामुळे पुष्कळ जीव वाचले. पण फुगतानाच छाती किंवा तोंड तिला चिकटलेले असेल तर तिचाच मार बसतो. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात अशा धक्क्याने माणसे दगावली. त्यांत लहान मुले होती आणि स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या बायकाही होत्या. तेव्हापासून तिथले सरकार सांगते की छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान दहा इंच, म्हणजे २५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

आता प्रश्न असा की गाडी बनवताना कुणाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवले जाते? मोटार किती सुरक्षित हे पाहण्यासाठी ती मुद्दाम आदळतात. आत माणसाच्या मापाचे पुतळे बसवतात. अनेक वर्षे या चाचण्यांतला मुख्य पुतळा पुरुषाचा राहिला : उंची सुमारे १७५ सेंटीमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली. तिच्या समोरून धडकेच्या चाचणीत पुढच्या दोन्ही सीटवर सरासरी पुरुषाचे पुतळे असतात आणि मागे दोन लहान मुलांचे. बाप आहे, लेकरे आहेत. आई कुठे आहे?

परदेशात बाईच्या मापाचा म्हणून जो पुतळा वापरतात त्याची उंची साधारण १५० सेंटीमीटर आणि वजन ४९ किलो. तिकडच्या हिशेबाने तो सर्वांत लहानखुऱ्या बायकांचा, शंभरातल्या पाचजणींचा. आणि आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंची किती? साधारण १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांच्या जरा आत. तिकडे जिला अपवाद समजतात ती इथे मधली बाई आहे! स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईंनी सरासरी बाईचा पुतळा तयार करून घेतला. २०२२ साली तो जगापुढे आला. त्याची उंची १६२ सेंटीमीटर. काम मोलाचे आहे, पण तीसुद्धा आपल्याहून वीतभर नसली तरी चार-सहा बोटे उंचच.

याचा परिणाम काय होतो? व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात असे दिसले की समोरून धडक बसली तर पट्टा लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा लावलेल्या पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त असते. यातला बराचसा फरक बायकांच्या वाट्याला लहान आणि हलक्या गाड्या येतात म्हणून पडतो, असे अमेरिकेतल्याच विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २०२१ साली मांडले. मला तर हे ओळखीचे वाटले. घरातली चांगली वस्तू कुणाच्या ताब्यात असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता उंचीकडे वळू. उंची काही अंशी आईबापांकडून येते. पण पोटात असताना आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत पुरेसे अन्न मिळाले नाही, जुलाब-ताप पुन्हापुन्हा येत राहिले, तर खुंटलेली वाढ सहसा भरून निघत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत भुकेने आणि आजाराने बालके दगावली. ते सगळ्या देशाने वाचले. त्या वेळी ज्या तान्ह्या मुली जगल्या त्या आज पस्तिशीच्या घरात आहेत. आज गाडी शिकायला येतात त्या याच वयाच्या बायका. आधी व्यवस्थेने अन्न दिले नाही, म्हणून उंची खुंटली. आता तीच व्यवस्था उंची मोजायला पट्टी घेऊन उभी राहते.

ही पट्टीही दगडावरची रेघ नाही. खाजगी मोटारीच्या लायसन्ससाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात किमान उंचीची अट नाही. कुणी तसे सांगितले तर कलम दाखवायला सांगा. एसटीत चालकाला १६० सेंटीमीटर उंची लागे. बायकांसाठी ती १५३ वर आणली. त्यातून निवडलेल्या बायकांचे प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झाले आणि जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली. दिल्लीच्या बससेवेनेही २०२२ मध्ये बायकांसाठी उंचीची अट १५९ वरून १५३ केली. पण १५३ म्हणजे देशातल्या सरासरी बाईपेक्षाही वर! आपल्या पाड्यांतल्या किती जणी त्यात बसतील? बाईला अपात्र ठरवण्यापेक्षा सीट खालीवर होईल असे करणे अवघड आहे का?

हे सगळे बदलेपर्यंत गाडी तर चालवायचीच आहे. म्हणून काही गोष्टी नीट लक्षात ठेवा.

एक. पाठ सीटला पूर्ण टेकवून बसा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील एवढीच सीट पुढे घ्या. नंतर छातीच्या हाडावर हात ठेवून मोजा : एक वीत आणि चार बोटे. साधारण तेवढेच ते दहा इंच. कमी भरले तर सीटची पाठ थोडी मागे कलती करा.

दोन. डोळे स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा चार बोटे तरी वर हवेत. स्टिअरिंगच्या फटीतून रस्ता बघत तोरंगणचा घाट उतरू नका. सीट वर घेण्याचा खटका असेल तर वापरा. नसेल तर बुडाखाली घट्ट, न सरकणारी बैठक घ्या. गोधडीची घडी किंवा मऊ उशी नको. धडकेत ती दबते आणि शरीर पट्ट्याखालून घसरते. पाठीमागे उशी घेतली तर आपण पुढे येतो, म्हणून अंतर पुन्हा मोजा.

तीन. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीच्या हाडांवर हवा. गरोदर बाईने तर तो पोटाच्या खालूनच घ्यावा. वरचा पट्टा गळ्याला काचतो म्हणून काखेतून घेऊ नका. तो खांद्याच्या मधोमध यायला हवा.

चार. स्टिअरिंग वरखाली होत असेल तर त्याचे तोंड आपल्या छातीकडे करा, चेहऱ्याकडे नको.

पाच. पेडलला लाकडाचा ठोकळा बांधू नका. सुटला तर ब्रेकखाली अडकेल.

सहा. चालकाच्या सीटवर चालकच बसेल. आपल्याकडच्या जीपमध्ये पुढे चौघे कोंबतात आणि चालवणारा अर्धा दाराबाहेर असतो. आपल्या हाती गाडी असेल तेव्हा "सरकून घ्या ताई" याला ठाम नाही म्हणा, समोर सासरचे असले तरी.

आणि मागण्याही मांडायला हव्यात. सीट उंच करण्याची सोय अनेकदा महागड्या प्रकारच्या गाडीतच मिळते. ती सर्वांत स्वस्त गाडीतही असावी. 'भारत एनकॅप'मध्ये चालकाच्या जागी भारतीय बाईच्या मापाचा पुतळा बसवावा. सरकारी भरतीत पट्टीने उंची मोजण्याऐवजी गाडीत बसवून पाहावे : पाय पोचतात का, रस्ता दिसतो का, अंतर राहते का. सरकारी पैशातून चालणाऱ्या प्रशिक्षणात ठेंगण्या बाईला बसेल अशी गाडी असावी. आणि सगळ्यांच्या आधी, अंगणवाडीतला आहार आणि गरोदर बायकांसाठी २०१५ पासून सुरू असलेली अमृत आहार योजना पाड्यापाड्यावर नियमित चालावी. कारण आपल्या नातींची उंची तिथे ठरते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपली उंची मोजून आणावी. ज्या गाडीत बसतात त्या गाडीतले छाती ते स्टिअरिंग अंतरही मोजून आणावे. दोन तालुक्यांतली अशी पन्नास मापे एका कागदावर आली की निवेदनाला वजन येईल. फक्त उंचीपुढे कुणी "माफ करा" असे लिहू नये.