आवर सुटतो तेव्हा



विषय जरा सौम्य करता येईल का, असं संयोजकांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. आज मागं माणसं उभी आहेत आणि पुढच्या रांगा मोकळ्या. या ना पुढे! पुढे बसलं म्हणून कुणी तुम्हाला पेशंट समजणार नाही. (हशा)

मला एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. माणसाला किती वेळा इच्छा होते, यावरून लैंगिक व्यसन ओळखता येत नाही. त्याला स्वतःची किती लाज वाटते, यावरून तर नाहीच नाही. आवर सुटलाय का, हे बघायचं.

लैंगिक शिक्षणासाठी झटणारे र. धों. कर्वे, त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, त्यावरचा १९३४चा अश्लीलतेचा खटला, कर्व्यांसाठी बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेलं वकीलपत्र, हे या सभागृहाला मी सांगायला नको. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून तो खटला झाला होता. त्यातल्या कितीतरी शंका आजही माझ्या दवाखान्यात येतात. विशीतला मुलगा खाली मान घालून सांगतो, ‘मला व्यसन लागलंय.’ खोदून विचारलं की कळतं, हस्तमैथुन आणि कधीमधी मोबाइलवर पॉर्न. अभ्यास चाललाय, झोप लागते, मित्र आहेत. धातू (वीर्य) गेला की ताकद गेली, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं असतं. या धास्तीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्या मुलाला व्यसन नाही, भीती आहे. भिंतीवरच्या जाहिराती त्याच भीतीवर पैसे कमावतात, आणि मला त्याचा संताप येतो.

मग खरा आजार कोणता? जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२पासून लागू झालं. त्यात ‘कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर’ हा विकार आहे. जुगाराच्या व्यसनाशेजारी नाही, आवेगावरचा ताबा सुटण्याच्या विकारांमध्ये. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ माणूस थांबायचं ठरवतो आणि थांबू शकत नाही. नोकरी, तब्येत, मुलंबाळं मागं पडतात. नुकसान दिसत असतं तरी सुटत नाही. आणि ऐका, पुष्कळदा त्यात सुखही उरलेलं नसतं! केवळ ‘हे पाप आहे’ या टोचणीपोटी होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही, हेही तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी सांगते ते हेच.

तिकडून कुणीतरी म्हणालं, ही सगळी पाश्चात्त्यांची खुळं. ऐकलं मी. त्यांच्यातही एकमत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत हा विकार घेतलाच नाही. नावावरचा वाद चालू द्या. पण पगार उडवून, उसनवारी करून पुन्हा त्याच वाटेला जाणारा आणि घरी येऊन रडणारा माणूस माझ्यासमोर बसतो, तो आपल्याच गल्लीतला असतो.

एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निवृत्त शिक्षक, साधे, कीर्तनाला जाणारे. पार्किन्सन्स झाला, हात थरथरायला लागला, औषध सुरू झालं, थरथर कमी झाली. सगळे खूश. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी एकट्याच माझ्याकडे आल्या. बराच वेळ घरातल्या पाण्याचं, सुनेच्या बदलीचं बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे रात्रभर मोबाइलवर काहीबाही बघतात. मला झोपू देत नाहीत. कामवाल्या बाईनं काम सोडलं.’ मुलानं वडिलांशी बोलणं टाकलं होतं. म्हातारचळ, असं शेजारी म्हणत होते. गुरुजी स्वतः म्हणत होते, ‘मी नासलो.’

मी औषधाची चिठ्ठी मागितली. तीवर प्रॅमिपेक्सोल होतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन हे रसायन घटतं आणि हे औषध डोपामिनचं काम करतं. पण डोपामिन फक्त हात हलवत नाही, हवंसं वाटणंही चालवतं. तिथं औषधाचा जोर जास्त झाला की कुणी जुगाराला लागतो, कुणी खरेदीला, कुणी याला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या पार्किन्सन्सच्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात या जातीची औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांना असे आवेगाचे विकार होते. न घेणाऱ्यांमध्ये ६.९ टक्के. गुरुजींच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून डोस हळूहळू उतरवला. (हे औषध मनानं, एकदम बंद करायचं नसतं, घरी कुणाला चालू असेल तर लिहून घ्या.) काही आठवड्यांत गुरुजी पूर्वीसारखे झाले. मुलगा मात्र अजून मोकळेपणी बोलत नाही. तेवढं मला जमलेलं नाही.

कामवाल्या बाईंची माफी मागायला गुरुजी स्वतः गेले. मी त्यांना सांगितलं होतं, त्या दार उघडतील असं धरून जाऊ नका. त्यांनी उघडलं नाही. गुरुजी परत आले आणि पुन्हा गेले नाहीत, ते बरोबरच केलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. उपचार उरकावेच लागणार, माफ करा. आधी कारण शोधायचं: औषध, उन्माद, नैराश्य, दारू. मग संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे ओढ कशानं उठते, एकटेपणानं, भांडणानं की रात्रीच्या जागरणानं, ते पकडून तिथं दुसरी वाट घालणं. काहींना औषधंही देतो. कुठं जायचं कळत नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

श्रोत्यांकडून आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीचंच उत्तर देते. ‘नवऱ्याला हा आजार आहे असं डॉक्टर म्हणाले, तर त्यांनी केलेलं सगळं मी पोटात घालायचं का?’

नाही, ताई. आजार आहे म्हणून तुमच्यावर बळजबरी करायची मुभा त्यांना मिळत नाही. उपचार घेणं ही त्यांची जबाबदारी, तुमची नव्हे. त्यांचा मोबाइल तपासत रात्र काढू नका. बाहेर संबंध आले असतील तर एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांच्या तपासण्या तुम्ही स्वतः करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. आणि त्यांच्यासोबत राहायचं की नाही, हे आत्ता घाईनं ठरवू नका. कार्यक्रम संपल्यावर मी व्यासपीठामागच्या खोलीत थांबणार आहे. एकट्या या, किंवा बहिणीला घेऊन या.