सॉफ्टबॉलच्या पंच घडवायच्या, तर प्रश्न कसा लिहायचा?

बचत गटाच्या आपल्या या कार्यक्रमात आज कर्ज नाही, व्याज नाही आणि मसाल्याचं पॅकिंगही नाही. आज आम्ही सॉफ्टबॉलच्या पंचांविषयी बोलणार आहोत. त्यातही पंचांच्या परीक्षेच्या तयारीसाठी प्रश्न कसे लिहायचे, याविषयी.

बचत गटाचा आणि सॉफ्टबॉलचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे. आमच्या गटांमध्ये शाळेत असताना हा खेळ खेळलेल्या सात-आठ जणी आहेत. लग्न झालं आणि ग्लोव्ह माळ्यावर गेला, पण खेळ डोक्यातून गेला नाही. शाळांच्या स्पर्धा आल्या की पंच कमी पडतात. मुलींच्या सामन्यांनाही बहुतेक पुरुषच उभे असतात. आपल्या बायकांनी पंच व्हावं, चार पैसे मानधन मिळवावं आणि मैदानात मानानं उभं राहावं, असं आम्हाला वाटलं. पंचांची परीक्षा खेळाची संघटना घेते. आम्ही त्या परीक्षेसाठी सरावाचे प्रश्न तयार करतो. महिन्याची बैठक संपली, वह्या मिटल्या, की त्याच सतरंजीवर हे काम चालतं.

यात पणाला काय लागतं, ते आधी सांगतो. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. ठराविक पातळी गाठली की मुलीला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे एका चुकीच्या निकालानं एखाद्या मुलीचं वर्षच काय, पुढची वाटही बदलू शकते. म्हणून पंचाला नियम नुसता पाठ असून भागत नाही. तो दोन सेकंदांत आठवला पाहिजे आणि समोर घडलेल्या प्रसंगाला लावता आला पाहिजे. परीक्षेचा प्रश्न तेच तपासणारा हवा.

आता हा प्रश्न पाहा : मुलींच्या सामन्यात पिचिंगचं अंतर किती? उत्तर आहे ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. मैदान आखताना ही माहिती लागते, म्हणून असे दोन-तीन प्रश्न असावेत. पण सगळा पेपरच असा असला, तर घोकंपट्टी करणारी पहिली येईल आणि मैदानात गोंधळून जाईल. अंतर टेपनं मोजता येतं. निर्णयाला टेप लावता येत नाही.

म्हणून प्रसंगाचे प्रश्न लिहावे लागतात. एक उदाहरण देतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत. एक बॅटर आऊट झालेली आहे. पुढच्या बॅटरनं मारलेला बॉल उंच उडाला आणि फेअर भागात उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपच्या हातात आला, अगदी सहज झेलता येईल असा. पण तो तिच्या हातून निसटला. निर्णय काय?

उत्तर : बॅटर आऊट. बॉल निसटला तरी आऊट. याला इनफिल्ड फ्लाय म्हणतात. खेळ चालू राहतो. रनरना पळायचंच अशी सक्ती उरत नाही, पळाल्या तर स्वतःच्या जबाबदारीवर. हा नियम का केला, तेही उत्तराखाली लिहावं. झेल सहज असतो, म्हणून रनर आपापल्या बेसवर थांबतात. अशा वेळी क्षेत्ररक्षकानं मुद्दाम बॉल पाडला, तर रनरना पळावं लागेल आणि एका बॉलवर दोघी आऊट करता येतील. ही लबाडी थांबावी म्हणून हा नियम. कारण समजलं की नियम विसरत नाही, हे आमच्या चौथी शिकलेल्या मावशीही सांगतात.

आता याच प्रश्नाचा जुळा भाऊ लिहायचा. सगळं तसंच ठेवायचं, फक्त दुसऱ्या बेसवरची रनर काढून टाकायची. आता रनर एकट्या पहिल्या बेसवर आहे. उत्तर बदललं. इनफिल्ड फ्लाय लागत नाही, खेळ जसा आहे तसा पुढं चालतो. तिसरा प्रश्न : रनर पहिल्यासारख्या दोन्ही बेसवर, पण आऊट दोन. तरी इनफिल्ड फ्लाय नाही. चौथा : आऊट एकच, पण बॅटरनं बंट केला. तरी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली, की कुणाला नियम कळलाय आणि कोण अंदाजानं ठोकतंय, ते लगेच दिसतं.

दुसरा चांगला विषय सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकचा. तिसरी स्ट्राइक झाली आणि कॅचरच्या हातून बॉल खाली पडला. बॅटर पहिल्या बेसकडं पळू शकते का? नुसतं एवढंच विचारलं, तर प्रश्न अपुरा आहे. पहिला बेस रिकामा असेल, तर पळू शकते. बेसवर रनर असेल आणि आऊट दोनपेक्षा कमी असतील, तर पळू शकत नाही, ती आऊटच. आणि दोन आऊट असतील, तर बेसवर रनर असो वा नसो, पळू शकते. किती आऊट, रनर कुठं, बॉल कुणाच्या हातात, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय प्रश्न पूर्ण होत नाही. मीठ किती घातलं हे न सांगता भाजी कशी झाली विचारण्यासारखंच ते.

प्रश्न पूर्ण आहे का, हे पाहायची आमची एक सोपी रीत आहे. फरशीवर रांगोळीनं मैदान काढायचं. चिंचोके म्हणजे खेळाडू. एकीनं प्रश्न मोठ्यानं वाचायचा आणि दोघींनी वेगवेगळ्या मैदानांवर चिंचोके मांडायचे. दोन्ही मांडण्या सारख्या आल्या, तर प्रश्न स्पष्ट. वेगळ्या आल्या, तर प्रश्नात काहीतरी राहून गेलंय. आणि वाचणारीला मध्येच दम लागला, तर वाक्य लांब झालंय, ते तोडायचं.

आता पर्यायांकडं वळू. चुकीचा पर्याय हास्यास्पद नसावा. मैदानात लोक खरोखर जे चुकीचं बोलतात, तेच पर्यायात घालावं. उदाहरणार्थ, बॅट फिरवताना बॉल बॅटरच्या हातावर लागला. पुष्कळ जण ठामपणे सांगतात, हात म्हणजे बॅटचाच भाग, त्यामुळं बॉल चालू. हे खरं नाही. हात हा शरीराचाच भाग. बॅट फिरवली असेल, तर ती स्ट्राइक आणि खेळ तिथंच थांबतो. हा लोकांचा समज पर्यायात असला, की खरी परीक्षा होते.

क्रिकेटच्या सवयीमुळं होणारी गल्लतही अशीच कामाला येते. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर बॉल पडायच्या आधी चार पावलं पुढं आलेली आपण रोज बघतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटण्याआधी रनरनं बेस सोडला, तर रनर आऊट, बॉल मृत आणि ती पिच मोजायचीच नाही. आपल्या गावातल्या मुलींसाठी हा प्रश्न हवाच.

आणखी काही पथ्यं. प्रश्नात दोनदा 'नाही' आणू नये. 'खालीलपैकी कोणतं चुकीचं नाही' असं लिहिलं, की परीक्षा खेळाची न राहता व्याकरणाची होते. बरोबर उत्तर दरवेळी सगळ्यात लांब नसावं, चाणाक्ष मुली तेवढ्यावरून ओळखतात. एका प्रश्नात एकच नियम घ्यावा. आणि भाषा मैदानावरची हवी. मुली 'बेस' म्हणतात, 'कॅचर' म्हणतात, तेच शब्द ठेवावेत. पुस्तकी प्रतिशब्द घातले, तर खेळ येणारी मुलगी केवळ शब्दाला अडून नापास होते. असा अन्याय आम्हाला मान्य नाही.

कागदावर काय विचारता येत नाही, तेही ओळखावं. पिच स्ट्राइक होती की बॉल, रनर आधी पोचली की बॉल, हे पंचाच्या नजरेचं काम. अशा निर्णयावर संघाला दाद मागता येत नाही. पण नियमच चुकीचा लावला, तर रीतसर तक्रार करता येते. नजर मैदानात तयार होते, नियम कागदावर पक्का होतो. पेपरात नियमच विचारावा.

अमेरिकेत हायस्कूलच्या सामन्यांचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स ही संस्था काढते. नियमपुस्तकाच्या जोडीला ती प्रसंगांचं वेगळं पुस्तकही काढते. त्यात एकेक प्रसंग आणि त्याखाली निर्णय असतो. ही मांडणी घेण्यासारखी आहे. मात्र तिथले शालेय नियम आणि आंतरराष्ट्रीय नियम काही ठिकाणी वेगळे आहेत, आणि नियम बदलतही असतात. म्हणून प्रत्येक उत्तराशेजारी कोणत्या पुस्तकातला, कोणत्या वर्षीचा, कितवा नियम, हे लिहून ठेवावं. आपण रोकडवहीत पावती क्रमांक लिहितो ना, तसंच.

पेपर झाल्यावरही काम उरतं. कोणत्या प्रश्नाला कितीजणींनी कोणता पर्याय निवडला, ते मोजावं. अनुभवी पंच चुकतात आणि नवख्या बरोबर येतात, असा प्रश्न आढळला, तर दोष बहुतेक वेळा प्रश्नातच असतो. तो बाजूला काढावा. सगळ्याच चुकत असतील, तर तो नियम पुन्हा शिकवावा. परीक्षा मुलींना पाडण्यासाठी नसते, काय शिकवायचं राहिलं हे कळण्यासाठी असते.

मैत्रिणींनो, मैदानात प्रशिक्षक अंगावर ओरडत येतात, काठावरचे लोक हसतात. त्या वेळी बाई शांतपणे म्हणाली, "दोन बेसवर रनर, एक आऊट, इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट," की पुढचा वाद बंद होतो. ते बळ तिला आवाजातून मिळत नाही, नियम माहीत असल्यातून मिळतं. तुमच्या गटात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळलेल्या जणी असतीलच. पुढच्या बैठकीत त्यांना एकच काम सांगा : तुमच्या खेळातला, ज्यावर नेहमी भांडण होतं असा एक प्रसंग लिहून आणा. त्याखाली निर्णय लिहा, त्याखाली कारण लिहा. असे पन्नास प्रसंग जमले, की तुमच्या गावच्या पंचांची तयारी सुरू झाली म्हणून समजा.