सिगारेट सोडताना सोबत हवी



आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या वस्त्यांतील विडी-सिगारेट ओढणारे कित्येक जण रमजानमध्ये रोज बारा तासांहून अधिक काळ धुराशिवाय राहतात. तीच माणसे एरवी 'सुटत नाही' का म्हणतात? कारण रोज्यात सारे घर, सारा मोहल्ला बरोबर असतो. इफ्तारनंतर माणूस आणि काडीपेटी, दोघेच उरतात.

मी स्वतः एकदा सिगारेट गुपचूप सोडली आणि गुपचूपच परत धरली. दुसऱ्या खेपेस घरात सांगितले, तेव्हा टिकलो.

निकोटीनची तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती सोबत हवी. म्हणून दिवस ठरवा आणि घरात सांगा. पत्नीने टोमण्याऐवजी पाणी द्यावे, मित्राने पाकीट पुढे करू नये, मुलांनी अब्बांबरोबर फेरी मारावी. पाय घसरला तर लाजवू नका, पुन्हा उभे करा. सल्ल्यासाठी केंद्र सरकारची २०१६ पासूनची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.

आणि मुलाला विडी आणायला धाडू नका. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. व्यसनाची पहिली वाट पुष्कळदा त्याच फेरीतून जाते.