खानदेशात ‘झुंज’ वाचताना



यशवंतराव होळकरांवरची ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ ही कादंबरी १९६६ साली आली. आता साठ वर्षं होत आली, तरी आपल्याकडच्या जुन्या वाचनालयात तिची चौकशी करा. एक तर प्रत बाहेर गेलेली असते, नाही तर बांधणी सुटलेली असते. मला मिळाली ती दुसऱ्या जातीची. हडपसरच्या लढाईपाशी समासात कुणी पेन्सिलीनं ‘शाब्बास!’ असं लिहिलंय, आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘पुस्तके खराब करू नयेत’. ही सूचना शाईनं लिहिलेली आहे, हे विशेष.

पण त्या शाब्बासकीला दोष देववत नाही. यशवंतराव हा माणूस आहेच तसा. तुकोजी होळकरांचा हा मुलगा. औरस नाही म्हणून गादीवर हक्क नाही. १७९७ साली पुण्यात शिंद्यांच्या फौजेनं छापा घालून भाऊ मल्हाररावाला मारलं. हा निसटून नागपूरला गेला, तर तिथं भोसल्यांनी कैद केलं. तिथूनही निसटला. १८०१ च्या एप्रिलमध्ये दुसरा भाऊ विठोजी पुण्यात पकडला गेला आणि बाजीराव पेशव्यांनी त्याला हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाले ते वसईला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांच्या तहावर सही करून बसले. मग एकट्यानं इंग्रजांशी झुंज, कर्नल मॉन्सनची दाणादाण, भरतपूर, आणि १८०५ अखेरचा तह. शेवटी भानपुऱ्याला तोफा ओतण्याच्या ध्यासात बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि पस्तिशीतच मृत्यू. हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं नाही तर वाचकाचंच काही तरी चुकतंय म्हणायचं.

आता हेच पुस्तक धुळ्यात बसून वाचा.

हडपसरला पोचण्याआधी यशवंतरावांची फौज नर्मदा उतरून, तापी उतरून खानदेशातूनच गेली. १८०२ साली होळकरांच्या फौजेनं खानदेश लुटला, दोन वर्षं जमिनी पडीक राहिल्या आणि त्यातून १८०३ चा भीषण दुष्काळ आला, असं खानदेशाचं गॅझेटियर सांगतं. धुळे शहर त्या दुष्काळात पार ओस पडलं. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी लोक आणून ते पुन्हा वसवलं, म्हणून आजचं धुळं आहे. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज इथं कारभार पाहायला आला तेव्हाही मुलखाचा मोठा भाग रान झालेला होता आणि वाघांचा सुळसुळाट होता.

फौज गेली, आता पेरणी करू, असं का झालं नाही? तेव्हाच्या गावाचं धान्य पेवात असायचं. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, वर माती. फौजेतल्या पेंढाऱ्यांना पेव शोधायची विद्या चांगली अवगत होती. नाही सापडलं तर पाटलाला मारहाण करून जागा काढून घ्यायची. त्या पेवात खायची ज्वारी असते आणि बियाणंही असतं. बैल तोफांना आणि सामानाला जुंपून नेलेले. बियाणं नाही, बैल नाही, मग राहायचं कशासाठी? माणसं निघाली.

पांझरेकाठी आणखी एक घडलं असणार. तिथली फड बागायत सगळ्यांना ठाऊक आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी देईल तसं घ्यायचं, आणि दरवर्षी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. हे शंभर हातांचं काम आहे. त्यातले साठ हात गाव सोडून गेले तर उरलेल्या चाळिसांना पाट मोकळा ठेवता येत नाही. दोन पावसाळ्यांत पाट बुजतो, बंधाऱ्याला भगदाड पडतं. इंग्रजी अंमल आला तेव्हा असे कितीतरी बंधारे मोडून पडलेले होते.

मग यशवंतराव दुष्ट होते का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या फौजेत पठाण होते, भिल्ल होते, पेंढारी होते; पगार थकलेले, आणि होळकरांचा स्वतःचा मुलूख शिंद्यांच्या भांडणात बसलेला. खजिना रिकामा असला की सरदार फौजेला मुलखावर सोडायचा. सगळेच सोडायचे. खानदेशचं दुर्दैव असं की तो पेशवे, शिंदे, होळकर या तिघांत वाटलेला, म्हणजे प्रत्येकाला लुटायला शेजाऱ्याचं गाव हाताशीच. याउलट पुढच्याच वर्षी अजिंठ्याच्या घाटापलीकडं असईला लढलेला इंग्रज सेनापती वेलस्ली बघा. त्यानं धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून रोख पैसे मोजून घेतलं आणि लूट करणाऱ्या स्वतःच्या शिपायांना फासावर चढवलं. काही भूतदया म्हणून नव्हे; लुटलेला मुलूख फौजेला दुसऱ्यांदा पोसत नाही, हा त्याचा हिशेब होता. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या गोलंदाजांनी पराक्रमाची शर्थ केली, तरी निकाल इंग्रजांकडे गेला. त्या निकालात या हिशेबाचाही वाटा आहे, असं माझं मत आहे.

आपल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे ऐतिहासिक कादंबरीवर किती कडक बोलतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांचं सगळं मला पटत नाही. ‘झुंज’ नसती तर यशवंतराव हे नाव शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपलीकडं कुणाला ठाऊक झालं असतं? कादंबरीकाराची नजर नायकाच्या घोड्यावर असते, तशी ती असायलाच हवी. त्या घोड्याच्या टापांखाली कुणाचं शेत आलं, हे विचारणं वाचकाचं काम, आणि ते आपण खानदेशी वाचकांनी नाही करायचं तर कुणी करायचं?

त्यासाठी साधनं हवीत, आणि त्या बाबतीत धुळ्याचं भाग्य थोर. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले. १८९८ मध्ये निघालेला त्यांचा साधनांचा पहिला खंड पानिपतच्या काळातल्या पत्रांचा होता. आज पानिपतावर लिहिणाऱ्या कुणालाही त्याच्याकडं जावंच लागतं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे, तिथं मोडी कागदांची दप्तरं आहेत.

१८०२-०३ चा खानदेश कादंबरीत शोधून मिळणार नाही, तो पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांत असेल. कुठल्या गावानं सूट मागितली, किती नांगर उरले, कोण परागंदा झालं, याच्या नोंदी. तापीकाठच्या, गिरणाकाठच्या, पांझरेकाठच्या कितीतरी जुन्या वाड्यांत आणि गढ्यांत माळ्यावर अजून कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले असतील. वाडा पाडायला काढलात तर ते रुमाल रद्दीवाल्याला देऊ नका. वाळवी लागलेली असली तरी चालेल, मोडी वाचता येत नसलं तरी चालेल. तसेच बांधलेले राजवाडे मंडळात नेऊन दाखवा. आणि पावसाळ्याआधी न्या.