यंत्रमानवाची रंगीत तालीम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या सभागृहात मंडळाच्या नाटकांच्या इतक्या तालमी झाल्या, तेथे आज यंत्रमानवाच्या तालमीविषयी बोलण्यास आम्ही उभे आहोत. आमचे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, आणि हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. हा अधिकार आम्हांस कोणी दिला, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. उत्तर ओघाने येईल.

प्रत्यक्ष यंत्रमानव महाग असतो आणि शिकाऊ हातून कोसळला तर मोडतो. म्हणून तो आधी संगणकातल्या सिम्युलेटरमध्ये चालवून पाहतात. त्याचा कोणता अवयव किती लांब, किती वजनाचा, कोणता सांधा कोणत्या दिशेस वळतो, पाऊल जमिनीवर किती घसरते, हे सारे लिहून द्यावयाचे. 'गझीबो' नामक सिम्युलेटर आपल्या नेहमीच्या मांडणीत त्यावरून बलांचे गणित यंत्रमानवाच्या दर सेकंदास हजार वेळा करतो. पडला तर पुन्हा उभा करावा. खर्च काय तो विजेचा.

गझीबोचा आरंभ 2002 साली अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. तेथे 'स्टेज' नावाची आज्ञावली आधीच होती; तीत यंत्रे दोनच मितींत वावरत. मोकळ्या मैदानासाठी तीन मितींची नवी आज्ञावली रचली, तेव्हा तिला उघड्यावरच्या मंडपाचे नाव दिले. आमच्या नाट्यशाखेस हे रुचावे! पुढे 2012 मध्ये ओपन सोर्स रोबोटिक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेने तिचा सांभाळ हाती घेतला. 2013 मध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण-संशोधन संस्थेच्या स्पर्धेत स्पर्धकांनी हिच्यातच यंत्रमानवाकडून मोटार हाकविली, ढिगाऱ्यांवरून चालविले, पाण्याचा पाइप जोडविला.

ही आज्ञावली विनामूल्य आहे. तिचे मूळ लिखाण कोणीही वाचावे, बदलावे. परंतु विनामूल्य वस्तूलाही राबणारे हात लागतात. डिसेंबर 2022 मध्ये फाउंडेशनची व्यापारी शाखा अल्फाबेटच्या इन्ट्रिन्सिक कंपनीने घेण्याचे ठरले आणि अनेक अनुभवी मंडळी तिकडे गेली. जुन्या गझीबोची देखभाल जानेवारी 2025 मध्ये थांबली. नवा गझीबो चालू आहे. पण जुन्यावर बेतलेले कितीतरी पाठ नव्यात जसेच्या तसे चालत नाहीत. श्रीमंत प्रयोगशाळेचे यात फारसे अडत नाही. लहान गावच्या कॉलेजातील मुलाला मात्र हाच एक यंत्रमानव परवडतो.

तेव्हा आम्हांस सहकारी हवेत. अभियांत्रिकी शिकणारी मुलेमुली हवीतच. जुने पाठ नव्यात आणणे हे त्यांचे काम. पण इतरांनीही हात राखून ठेवू नये. ओल्या शहाबादी फरशीवर रबरी चाक किती घसरते, हे संगणकाला कोणी तरी मोजून सांगावे लागते. फरशीच्या तुकड्यावर रबर ठेवावे, एक कड हळूहळू उचलावी, रबर ज्या कोनास घसरू लागेल तो टिपावा. त्या कोनाच्या टँजंटवरून घर्षणांक मिळतो. हे कोणतीही गृहिणी करील, आणि आमच्यापेक्षा नेटके करील.

आता आमचा अधिकार. आज्ञावलीत दोष आढळला की तो कळवावा लागतो: काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि कोणत्या आवृत्तीत. बंधूंनो, ही तर कार्यालयीन टिपणी झाली! 'चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून कोणालाच काही करता येत नाही, हे तीस वर्षे फायली वाचलेल्या माणसास सांगावयास नको. या नोंदी इंग्रजीत द्याव्या लागतात; तो भार आमच्यावर सोपवावा. पाठ मात्र मराठीतही व्हावेत. मुंबईच्या आय.आय.टी.तील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त आज्ञावल्यांचे पाठ मराठीत आणलेले आहेत, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नाही.

दर रविवारी सकाळी 10 वाजता आम्ही ग्रंथालयाच्या मागील खोलीत बसतो. संगणक एकच आहे. फरशीचे तुकडे ज्याने त्याने घरून आणावेत.