फुकट गोळ्यांचा खर्च



अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल परिषदेचा मनापासून आभारी आहे. या निमित्तानं आपल्या कामाच्या मुळाशी असलेला एकच प्रश्न मांडतो : आरोग्यसेवेचा खर्च मोजताना तो कोणाचा धरायचा?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी क्षयरुग्णांच्या मुलाखती घेत होतो. बाकावर बसलेल्या एका शेतमजूर बाईंना विचारलं, "उपचाराला किती खर्च आला?" त्या म्हणाल्या, "काय नाही. गोळ्या सरकारी, फुकटच मिळतात." मी प्रश्नावलीत शून्य लिहिलं. मग विचारलं, "खोकला लागल्यापासून काय काय केलंत?" तेव्हा एकेक बाहेर येऊ लागलं. निदान होईपर्यंत दोन खासगी डॉक्टर, एक्स-रे, खोकल्याच्या बाटल्या. एसटीची तिकिटं. दर खेपेला सोबत येणाऱ्या नवऱ्याच्या कामाचा खाडा. शेवटी विकलेली शेळी. मी ते शून्य खोडलं. तेव्हापासून मी खर्चाचा आकडा विचारत नाही, दिवसांचा हिशेब विचारतो.

रुग्णालयाच्या बिलात दर असतो. खर्च त्याच्या मागे असतो. परिचारिकेची मिनिटं, यंत्राचा घसारा, वीज, जागा, रिकाम्या खाटेचा वाटा हे सारं आपण आता मोजू लागलो आहोत. घरातला खर्च मात्र अजून निसटतो.

याचं जुनं उदाहरण पाहा. मद्रासला 1956 मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग उपचारांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाले. सॅनेटोरियममध्ये वर्षभर ठेवलेल्या क्षयरुग्णांइतकाच गुण घरी औषध घेणाऱ्यांनाही येतो, हे त्यातून दिसलं. घरच्या उपचारांचा मार्ग खुला झाला आणि तो योग्यच होता. पण खाटेचा खर्च वाचला तरी शुश्रूषा संपली नाही; ती घरातल्या बाईच्या वाट्याला आली. तिच्या वेळेचं मोल शून्य धरलं, तर रुग्णालयातलं काम घरी ढकलणारी प्रत्येक योजना कागदावर स्वस्तच ठरेल.

घरातला खर्च मोजताना शिस्तही हवी. शेळीचे आलेले पैसे आणि त्यातूनच भरलेली डॉक्टरांची फी, दोन्ही मिळवली तर एकच खर्च दोनदा धरला जातो. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णांना 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये मिळतात. ही रक्कम सरकारच्या बाजूनं खर्च आहे, रुग्णाच्या बाजूनं आधार आहे, आणि समाजाच्या बाजूनं पाहिलं तर एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला पैसा आहे. म्हणून कोणाच्या बाजूनं मोजतो आहोत, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायला हवं.

क्षयरोगापायी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 20 टक्क्यांहून अधिक खर्च झाला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आपत्ती मानते. खाडे मोजलेच नाहीत, तर अशी आपत्ती आपल्या तक्त्यात दिसणारच नाही.

तरुण मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. पुढच्या अभ्यासात रुग्णासोबत आलेल्या माणसाच्या दिवसांसाठी एक रकाना ठेवा. तो भरता आला नाही, तर का ते लिहा. पण न विचारता तिथे शून्य लिहू नका.